फ्लॉरेन्सला जाण्यापूर्वी जुन्या गोव्यात एक तास

प्रश्न : मी मूळची फोंड्याची असून मिलानमध्ये शिकते. सध्या सुटीत घरी आले आहे. परतल्यावर मैत्रिणींबरोबर शनिवार-रविवार फ्लॉरेन्स पाहायचे ठरले आहे. त्यांच्या यादीत वीस-बावीस ठिकाणे आहेत, आणि माझा कलेचा काहीच अभ्यास नाही. दोन दिवसांत नेमके काय पाहावे, आणि आधी कोणती तयारी करावी?
— एक विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर : तुमची तयारी घरापासून अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर होऊ शकते. जुन्या गोव्यातील बाँ जेझूस बासिलिकेत सेंट फ्रान्सिस झेवियर यांची चांदीची पेटी ज्या चौथऱ्यावर ठेवलेली आहे, तो चौथरा फ्लॉरेन्सचा आहे. फ्लॉरेन्स ज्याची राजधानी होती त्या टस्कनीचा शासक, ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो मेदिची याने तो भेट दिला, जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी या दरबारी शिल्पकाराने घडवला आणि 1698 मध्ये तो इथे उभारला गेला. वरची पेटी मात्र गोव्याच्या कारागिरांनी त्यापूर्वी साठेक वर्षे घडवलेली आहे.

आपण शाळेच्या सहलीपासून तिथे जात आलो, पण मान वर करून पेटीच पाहत आलो. या वेळी नजर खाली ठेवा. वेगवेगळ्या रंगांचे दगड एकमेकांना कसे भिडवले आहेत, त्यांचे सांधे कुठे दिसतात आणि कुठे दिसत नाहीत, हे पाहा. चार बाजूंच्या कांस्यफलकांपैकी एकावर चीनच्या किनाऱ्याजवळील बेटावर 1552 मध्ये झालेला संताचा मृत्यू आहे, त्यासमोर थोडे थांबा. इथे तासभर घालवलात, तर फ्लॉरेन्समध्ये काय शोधायचे हे डोळ्यांनाच कळेल, असे मला मनापासून वाटते.

मिलानहून थेट वेगवान गाडीने सुमारे दोन तासांत पोहोचता येते. शनिवारी सकाळीच ओपिफिच्यो देल्ले पिएत्रे दूरे या संस्थेचे छोटे संग्रहालय पाहा. रंगीत कठीण दगडांच्या जडावकामासाठी मेदिची घराण्याने 1588 मध्ये स्थापलेल्या कारखान्यातून ही संस्था उभी राहिली. वाकवलेल्या फांदीच्या धनुष्याला लोखंडी तार बांधायची आणि पाणी व कुरुंदाची पूड लावत त्या तारेने दगडाची पातळ चकती रेषेबरहुकूम कापायची, अशी इथली जुनी रीत आहे. बहुतेक प्रवासी हे ठिकाण वगळतात. तुम्ही वगळू नये. मायकेलअँजेलोचा ‘डेव्हिड’ ज्या अकादेमिया कलासंग्रहालयात आहे, ते तिथून चालत काही मिनिटांवर आहे. 1501 ते 1504 या काळात घडवलेला तो पुतळा पाच मीटरांहून उंच आहे. त्याच्याभोवती एक पूर्ण फेरी मारा.

दुपारी आर्नो नदी ओलांडून सांता मारिया देल कार्मिने या चर्चमध्ये जा. लोक तिथे मासाच्चो या चित्रकाराची भित्तिचित्रे पाहायला येतात, आणि ती पाहायलाच हवीत. परंतु समोरच्या बाजूच्या कोर्सिनी चॅपेलमधील संगमरवरी उठावशिल्पे आपल्या फोज्जिनीची आहेत. जुने गोवे पाहून गेलेल्या माणसाला तो हात ओळखीचा वाटेल.

कॅथीड्रलच्या घुमटावर चढायचे असेल तर वेळ आधीच राखून ठेवावी लागते. वास्तुकार ब्रुनेलेस्कीने 1420 ते 1436 या काळात बांधलेल्या त्या घुमटाला 463 पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. उफ्फित्सी चित्रसंग्रह अर्ध्या दिवसापेक्षा कमी वेळात पाहू नये. तेवढी सवड नसेल तर या खेपेस सोडून द्यावा. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयांना प्रवेश विनामूल्य असतो, पण त्या दिवशीच्या गर्दीत चित्र धड दिसत नाही. चर्चमध्ये खांदे व गुडघे झाकलेले असावेत, हे तुम्हाला गोव्यात सांगायला नकोच.

रविवारी सकाळी एक जागा मराठी माणसाने आवर्जून पाहावी, आणि ती तुमच्या मैत्रिणींच्या यादीत बहुधा नसेल. कोल्हापूरचे छत्रपती दुसरे राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना 30 नोव्हेंबर 1870 रोजी फ्लॉरेन्समध्ये निवर्तले. तेव्हा ते अवघे वीस वर्षांचे होते, म्हणजे जवळजवळ तुमच्याच वयाचे. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांच्यावर हिंदू पद्धतीने अंत्यसंस्कार झाले. कास्चिने उद्यानाच्या पश्चिम टोकाला, त्याच संगमाजवळ, 1874 मध्ये छत्री उभारून तिच्याखाली त्यांचा अर्धपुतळा बसवण्यात आला. उद्यान बरेच लांब आहे, म्हणून जाऊन-येऊन दोन-अडीच तास हाताशी ठेवा आणि परतीची गाडी दुपारनंतरची घ्या.