शेवटचं कधी काढलं, ताई?

प्रिय पोरी,

नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात तुझी ड्यूटी लागली. मॉनिटर, सीपॅप (श्वासाला आधार देणारं यंत्र), सलाईनचा पंप हे महिन्याभरात हाताखालचं होईल. अंगावरच्या दुधाचं काम मात्र कुणी मुद्दाम बसून शिकवत नाही, म्हणून हे पत्र.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या आईला ‘दूध येतंय का?’ असं विचारू नकोस. पहिल्या दोन दिवसांत उत्तर ‘नाही’ असंच येणार, आणि एकदा ते तोंडातून निघालं की तिचा आणि तिच्या सासूचा त्यावर विश्वास बसतो. ‘शेवटचं कधी काढलं, ताई?’ असं विचार. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ साधारण ३४ आठवड्यांच्या सुमाराला बसतो. त्याआधीचं बाळ छाती रिकामी करू शकत नाही, आणि भरून राहिलेली छाती दूध बनवणं कमी करते. तोवर बाळाचं काम आईच्या हातांनी करायचं. पहिले दोन आठवडे हातचे गेले तर पुढे भरून काढणं फार जड जातं.

बाळंतपणानंतर शक्यतो पहिल्या तासात, नाही जमलं तर सहा तासांच्या आत सुरुवात व्हायला हवी. सिझर झालेली आई दुसऱ्या वॉर्डात असते, बाळ आपल्याकडे, आणि मधल्या मध्ये पहिला दिवस वाया जातो. तू वाटी घेऊन तिच्या खाटेशी जा. चोवीस तासांत ८ ते १० वेळा दूध काढायचं. रात्री प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध बनवायला लावणारं संप्रेरक, जास्त असतं, म्हणून रात्रीची एक खेप चुकवायची नाही. सासूबाई ‘झोपू दे तिला’ म्हणतील. त्या मायेनंच म्हणतात. त्यांनाच गजर लावायला सांग.

हात साबणानं धुऊन घ्यायला लाव. कोमट पाण्यात पिळलेलं फडकं थोडा वेळ छातीवर, मग बोटांच्या टोकांनी हलकं चोळणं. अंगठा वर, दोन बोटं खाली, बोंडीच्या मुळापासून दोन-तीन सेंटिमीटर मागे, काळ्या वर्तुळाच्या कडेशी. आधी बरगड्यांकडे दाबायचं, मग अंगठा आणि बोटं जवळ आणायची, मग सोडायचं. दाब, आवळ, सोड. बोटं कातडीवरून घसरली तर सोलवटतं. बोंडी ओढली तर नुसती दुखते, कारण दूध बोंडीत नसतं, मागच्या नळ्यांत असतं. पहिली एक-दोन मिनिटं काहीच येत नाही आणि बहुतेक जणी तिथेच हात काढतात. त्या वेळी तू शेजारी उभी राहा. धार मंदावली की बोटं फिरवून दुसऱ्या जागी, तीन-पाच मिनिटांनी दुसरी छाती, पुन्हा पहिली. सगळं मिळून २० ते ३० मिनिटं. बाळाजवळ बसून काढलं तर पान्हा लवकर फुटतो. ते जमत नसेल तर बाळाची टोपी तिच्या हातात दे.

पहिल्या दिवशी थेंबच मिळतात. ते वाटीला चिकटून वाया जातात, म्हणून १ मिलीच्या सिरिंजमध्ये ओढून घे. पोटात घातलेल्या नळीनं दूध सुरू झालं नसलं तरी डॉक्टरांना विचारून ०.१ मिली एका गालात, ०.१ मिली दुसऱ्या गालात. या चिकाच्या दुधात संसर्गाशी लढणारे घटक सर्वाधिक असतात, आणि आतडी सडण्याचा जो आजार या बाळांना होतो त्याचा धोका आईच्या दुधानं कमी होतो. अथणी-गोकाककडची कानडी आई असेल तर चिकाच्या दुधाला ‘गिण्णद हालु’ म्हण. गाईच्या खरवसाला जपणारं घर बाईचा चीक ओतून देतं, हे मला फार लागतं.

दूध कमी आहे या भीतीवर हिशोब हेच औषध. १६०० ग्रॅमच्या बाळाला पहिल्या दिवशी किलोमागे ६० मिली ठरलं, तर दिवसाचे ९६ मिली. दोन-दोन तासांनी दिलं तर एका वेळेला ८ मिली. पलाडई घे, म्हणजे आपलं बोंडलंच, चोचीची छोटी वाटी, आणि त्यात ८ मिली पाणी ओतून आईला दाखव. चेहरा तिथेच बदलतो. प्रमाण मात्र डॉक्टर ठरवतील आणि रोज वाढवतील. दोन आठवड्यांनी दिवसाला ५०० मिलीच्या पुढे निघत असेल तर निश्चिंत राहा. ३५० च्या खाली असेल तर आधी खेपा मोज, औषधाचं नंतर.

काढलेल्या दुधावर नाव, तारीख, वेळ. बाहेर चार तास, फ्रिजमध्ये २४ तास. अथणीच्या एप्रिलमध्ये मात्र चार तासांचा भरवसा धरू नकोस, लगेच फ्रिजमध्ये. खानापूरच्या आतल्या गावातून बसनं दूध येत असेल तर थर्मासमध्ये बर्फ, त्यात झाकणाची बाटली. गरम करायचं ते कोमट पाण्यात भांडं ठेवून, उकळून नाही.

बोंडल्यानं पाजताना बाळ अर्धवट बसतं धरायचं, टोक खालच्या ओठावर कोपऱ्याशी, गिळल्यावरच पुढचा घोट. घाईनं ओतलं की दूध श्वासनळीत जातं. अर्ध्या तासात संपलं नाही तर बाळ दमलं, उरलेलं नळीनं.

कांगारू पद्धत, म्हणजे बाळाला आईच्या उघड्या छातीशी कातडीला कातडी लावून ठेवणं, याच कामाचा भाग आहे. जागतिक आरोग्य संघटना २०२२ पासून दिवसाला ८ ते २४ तास सांगते. तासाभरासाठी आईला बोलावून परत पाठवणं पुरेसं नाही. छातीशी असलेलं बाळ तोंड शोधू लागलं की दूध काढून रिकाम्या केलेल्या छातीला लाव, नळीनं दूध चालू असतानाच. चोखण्याची सवय तिथे लागते. पुढे खरं पाजताना मानेला हाताचा आधार हवा. चार घोट आणि विसावा, ही या बाळांची रीत. झोपलं म्हणजे पोट भरलं असं नाही. वजन आणि लघवी बघ, दिवसाला सहा-आठ वेळा.

मध, घुटी, एरंडेल, उन्हाळ्यातलं पाणी: एक थेंबही नाही. बाळंतिणीचं पाणी तोडतात, तेही बंद. अळीव, शेपू, डिंकाचा लाडू खुशाल खाऊ दे, पण खेप चुकली तर लाडवानं भरून येत नाही. निपाणीकडच्या आईला मिश्रीबद्दल, म्हणजे दातांना लावायच्या भाजक्या तंबाखूबद्दल, हळू आवाजात, एकटीत विचार. निकोटीन दुधात उतरतं. मिश्री सोडायला सांग, पाजणं नाही. शेजारच्या खाटेवरच्या बाईचं दूध तसंच उचलून द्यायचं नाही. आणि डबे-बाटल्यांची जाहिरात घेऊन कुणी वॉर्डात आलं तर अशा जाहिरातीला बंदी घालणारा १९९२ चा कायदा दाखवून बाहेर काढ.

घरी सोडताना तायी कार्डावर, म्हणजे आई-बाळाच्या सरकारी नोंदकार्डावर, वजन लिही, आशाताईला फोन कर, आणि किती वेळा अंगावर, किती वेळा बोंडल्यानं हे आईकडून म्हणवून घे. दोन-तीन दिवसांत वजनाला बोलाव. पहिल्या वजनाला बाळ वाढलेलं नसेल तर पुन्हा तोच प्रश्न, तिला खुर्ची देऊन, न रागावता.

तुझी,
अक्का