जंजिऱ्यात गाईड घ्यावा का?

तुम्ही विचारलंय, जंजिरा एका दिवसात पाहून होतो का आणि गाईड घ्यावा का. होतो. राजपुरीहून शिडाच्या होडीने जायचं, पावसाळा आणि शुक्रवारची दुपार टाळायची. गाईडचं मात्र जरा सविस्तर सांगतो.

मी मुरुडच्या कोळीवाड्यातला. तीन वर्षांपूर्वी वडील आणि नऊ वर्षांचा भाचा यांना घेऊन किल्ल्यात गेलो होतो. कलालबांगडी तोफेपाशी गाईड रंगात आला होता. "आधी इथे कोळ्यांचा मेढेकोट. पिरमखानाने दारू पाजली, कोळी लोळले, किल्ला गेला!" मंडळी खो खो हसली. भाच्याने आजोबांकडे पाहिलं. "आपण दारूत किल्ला घालवला?"

वडिलांनी चाळीस वर्षं सुकाणू धरलंय. तिथे काही बोलले नाहीत. परतीच्या होडीत बसल्यावर म्हणाले, "दारूवर नाय गेला. आसरा दिला म्हनून गेला."

खरंच आहे ते. कोळ्यांचे पुढारी राम पाटील यांनी लाकडाचे मेढे ठोकून कोट उभा केला तो लुटारूंपासून वाचायला. १४९० च्या सुमारास निजामशाहीचा सरदार पिरमखान व्यापारी बनून आला आणि त्याने आसरा मागितला. दर्यात कुणी आसरा मागितला तर कोळी नाही म्हणत नाही, आजही नाही. खानाच्या पिंपांत माणसं लपलेली होती. नेमकं हेच गाईड गाळतात. आणि लाय पाटलांचं तर नावच नाही! १६७६ मध्ये त्या सोनकोळ्याने रात्रीच्या अंधारात तेव्हा सिद्दीकडे असलेल्या ह्याच तटाला शिड्या लावल्या, शिवाजी महाराजांचे पेशवे मोरोपंत यांची माणसं वेळेत पोचली नाहीत. महाराजांनी पालखीचा मान दिला. दर्यात फिरणाऱ्याला पालखी कशाला, म्हणून त्यांनी तो घेतला नाही, तेव्हा 'पालखी' नावाचं गलबत त्यांना बांधून दिलं.

दुसऱ्या दिवशी वडील भाच्याला महाराजांनी मुरुडसमोर समुद्रात बांधलेल्या पद्मदुर्गावर घेऊन गेले. तिथल्या तटाचे दगड लाटांनी खाऊन आत गेलेत आणि सांध्यातला चुना तसाच पुढे उभा आहे, मधाच्या पोळ्यासारखा. पोराने एका खळग्यात मनगटापर्यंत हात घातला आणि बराच वेळ काढला नाही.

तेव्हा एक मुक्काम वाढवा, पण पद्मदुर्ग बघाच. जंजिऱ्यात गाईड घेतलात तर आधी लाय पाटील कोण ते विचारा. सांगता आलं नाही तर दुसरा बघा. सगळेच तसे नसतात, चांगलं सांगणारेही आहेत. आणि हो, पद्मदुर्गाला होडी लागते ती भरती-ओहोटी बघून, त्यामुळे वेळ आदल्या संध्याकाळी कोळीवाड्यात विचारून ठरवा.