आजोबांच्या खुर्चीबद्दल, जरा स्पष्टच

प्रिय,

पत्र मिळालं. दोन पानं आजोबांवर, शेवटच्या चार ओळी खुर्चीवर. मला नेमकं उलटं हवं होतं. आजोबांवर तुझा किती जीव होता हे मला सांगावं लागत नाही. पण खुर्चीचा कुठला सांधा हलतो ते तू लिहिलंच नाहीस. हलते, वेत फाटलाय, जागा अडवते, टाकवत नाही, एवढंच. आणि कुणी चुकून बसू नये म्हणून दोन्ही हातांना सुतळी बांधून ठेवलीय, हे वाचून तर माझं डोकंच फिरलं.

खुर्ची बसण्यासाठी असते. ती बसण्याजोगी कर, नाहीतर जाऊ दे. तू मधल्याच रस्त्यावर मुक्काम टाकलायस आणि त्याला आठवण जपणं म्हणतेस.

आधी ती उलटी कर. वरून बघून काही कळत नाही, वरून फक्त आजोबा दिसतात. उलटी करून दोन पाय धरून हलकेच तिरकस दाब दे आणि कुठला सांधा उघडतो ते बघ. जुन्या खुर्च्यांत एका लाकडाचं कुसू दुसऱ्याच्या खाचेत बसवलेलं असतं. लाकूड ओल धरतं तेव्हा रुंदीत फुगतं, वाळलं की आक्रसतं. लांबीत जवळजवळ काहीच होत नाही. कुसू आणि खाच यांचे रेषे एकमेकांना काटकोनात असतात, म्हणून वर्षानुवर्षं ती दोन्ही लाकडं आपापल्या दिशेला ओढत राहतात आणि सांधा ढिला पडतो. हा म्हातारपणाचा आजार आहे, मरणाचा नव्हे. जुन्या कामात बहुधा सरस, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याचा गोंद, वापरलेला असतो. ऊब आणि ओलावा मिळाला की तो सुटतो, सांधा न फोडता उघडता येतो, खरवडून साफ करता येतो आणि पुन्हा चिकटवता येतो. चिकटवल्यावर दोरीचा पीळ देऊन २४ तास आवळून ठेवायचं, बस.

जुन्या सरसावरच नवा पांढरा गोंद ओतू नकोस. गोंदाला कोरं लाकूड लागतं, जुन्या थरावर तो धरत नाही. आणि भावाला सांग, हातोडी खाली ठेव. सांध्यात खिळा ठोकला की कुसू चिरतं, आणि मग साधी दुरुस्तीही अवघड होऊन बसते.

फाटलेल्या वेताचं रडगाणं तर मला ऐकायचंच नाही. वेत हा झिजण्यासाठीच असतो. भिजवला की नरम पडतो, नव्याने विणता येतो. विणणारा मिळायला वेळ लागेल, पण त्यात शोक करण्यासारखं काही नाही.

किडीचं मात्र नीट बघ. लाकडावर १ ते २ मिलिमीटरची गोल भोकं दिसली म्हणून घाबरू नकोस, ती किडे कधीच निघून गेल्याचीही असू शकतात. खाली काळा कागद अंथर आणि काही दिवस खुर्ची हलवू नकोस. कागदावर पिठासारखा ताजा भुगा पडला तर किडा आत जिवंत आहे. टोच्या घेऊन पायांच्या तळाशी आणि सांध्यांपाशी टोचून बघ. टोक सहज आत गेलं तर ते लाकूड माणसाचं वजन पेलणार नाही, कितीही पॉलिश चढव. तिथे विषय संपला. आणि अशी खुर्ची 'कुणाला तरी उपयोगी पडेल' म्हणून दुसऱ्याच्या घरात ढकलू नकोस. भलेपणाच्या नावाखाली कीड वाटणं होईल ते.

हो, तिच्यावर जुन्या रंगाचे थर असतील तर पॉलिश पेपर घेऊन कोरडं घासत बसू नकोस. जुन्या रंगांत शिसं असायचं, त्याची धूळ वाईट. घरात लहान मूल आहे तुझ्या.

आता मी इतकी का चिडते ते सांगते. बाबा गेल्यावर त्यांचं लिहायचं टेबल मोठ्यांनी प्लास्टिकमध्ये गुंडाळून मागच्या गॅलरीत ठेवलं. 'नीट राहील' म्हणून. मी घरात सगळ्यात धाकटी, मला कोण विचारतंय? प्लास्टिकने ओल बाहेर ठेवली नाही, आत कोंडली. पुढे कधीतरी सोडलं तेव्हा वरची फळी बुरशीने काळी पडली होती आणि मागचे पाय भुसभुशीत झाले होते. त्यावर बसून कुणी एक ओळ लिहिली नव्हती त्या सगळ्या काळात. शाबूत होतं तेवढं लाकूड काढून मी पुस्तकांची मांडणी करून घेतली. ताई अजून म्हणते, 'तू बाबांचं टेबल मोडलंस.' मी नाही मोडलं. ते सगळ्यांनी मिळून जपून जपून मोडलं होतं, मी फक्त उरलेल्या फळ्यांना काम दिलं. तिला हे पटत नाही. न पटो. (तुला लिहिता लिहिता मी तिच्याशीच भांडतेय, हे कळतंय मला. पण मुद्दा माझाच खरा आहे.)

तेव्हा दुरुस्त होणार असेल तर कर, आणि मग रोज बस. पाहुण्यांसाठी राखून ठेवू नकोस, मुलाला चढू दे, चहा सांडू दे. सांडल्याचे डाग पडतील याची भीती वाटत असेल तर समज की तू पुन्हा सुतळीच बांधतेयस.

दुरुस्त होणार नसेल तर नवी घे, पण 'अगदी तश्शीच' शोधत फिरू नकोस. तशीच मिळाली तरी तीत ते नसेल आणि तू बिचाऱ्या नव्या खुर्चीवर आयुष्यभर राग धरशील. त्याऐवजी जुनी जाण्याआधी तिची मापं घे: बैठकीची उंची, खोली, पाठीचा कल, हातांची उंची. तुला आठवतं ते लाकूड नाही गं, तिच्यात बसल्यावर अंग कसं सैल पडायचं ते आठवतं, आणि ते बरंचसं या मापांत असतं. फक्त एक: आरामखुर्ची खोल आणि बुटकी असली की गुडघे दुखणाऱ्याला तिच्यातून उठवत नाही. आईही त्याच खुर्चीत बसणार असेल तर उंची जेवणाच्या खुर्चीच्या जवळ ठेव, ४५ सेंटिमीटरच्या आसपास, आणि हात भक्कम घे. आजोबांच्या मापापेक्षा आईचे गुडघे महत्त्वाचे.

जुन्या खुर्चीचा एखादा तुकडा ठेवावासा वाटेल. ठेव, पण एकच, आणि त्यालाही काम दे. हाताचा गुळगुळीत झालेला दांडा दाराला मूठ म्हणून लाव. शोकेसमध्ये ठेवायचा असेल तर नकोच.

भावाशी बोलताना 'टाकूया का' असं विचारू नकोस, तो नाहीच म्हणणार. 'तू बसणार आहेस का तिच्यात' असं विचार. नाही म्हणाला तर मग त्याला मत द्यायचा फारसा हक्क उरत नाही, माझ्या ताईलाही नव्हता.

सुतळी आजच काप. पुढच्या पत्रात मला सांध्याबद्दल लिही.