मूळव्याध म्हणून अंगावर काढलं

प्रश्न : आमच्या आण्णांना 52 व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. त्याआधी दीड वर्ष परसाकडे रक्त जायचं. मूळव्याध म्हणून गावठी औषध चालू होतं. आण्णा गेले. मी आता 41 चा आहे. मला कसलाच त्रास नाही, तरी बायको दुर्बिणीच्या तपासणीसाठी मागं लागलीय. काही होत नसताना कशाला करायची?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : वहिनींचं ऐका. त्रास नाही, तेव्हाच करायची ही तपासणी. हा कॅन्सर बहुतेक वेळा पॉलिपपासून होतो. पॉलिप म्हणजे आतड्याच्या अस्तरावर उगवलेली बारीक गाठ. तिचा कॅन्सर व्हायला साधारण दहाएक वर्षं जातात आणि तेवढे दिवस ती दुखत नाही, खुपत नाही. कोलोनोस्कोपीत, म्हणजे तुम्ही म्हणता त्या दुर्बिणीच्या तपासणीत, ती दिसली तर तारेच्या फासात धरून तिथल्या तिथं काढता येते.

वडिलांना साठीच्या आत झाला असेल तर मुलांनी वयाच्या चाळिसाव्या वर्षी, किंवा वडिलांच्या त्या वयाच्या दहा वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा तपासून घ्यायचं. पुढं दर पाच वर्षांनी. म्हणजे तुम्हाला वर्षभर उशीरच झालाय. नुसती शौचाची तपासणी तुमच्यासाठी पुरेशी नाही.

आण्णांचं वाचताना मला वडगावचे एक विणकर आठवले. मी नवा डॉक्टर होतो. रक्त जातंय म्हणाले, मी मूळव्याधीचं मलम लिहून दिलं. बोट घालून तपासलं नाही. त्यांनाही संकोच, मलाही. चार महिन्यांनी परत आले तेव्हा पँट सुतळीनं बांधलेली होती. गाठ बोटाला लागत होती. तेव्हापासून एकालाही न तपासता सोडलेलं नाही. पन्नाशीच्या पुरुषाचं रक्त कमी भरलं, तर लोहाच्या गोळ्या देण्याआधी ते जातंय कुठं, हेही विचारतो.

ज्यांच्या घरात कुणालाच हा आजार नाही, त्यांच्यासाठी अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी 2021 मध्ये तपासणीचं वय 50 वरून 45 वर आणलं. आपल्या सरकारी तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख एवढेच कॅन्सर येतात. आशाताई दारात येऊन विचारेल, याची वाट बघू नका.

तपासणीपेक्षा आदला दिवस जड जातो. पोट साफ व्हायचं औषध दोन-तीन लिटर पाण्यातून प्यावं लागतं. दोन दिवस आधीपासून भाकरी, पालेभाजी, बियांची फळं बंद. पांढरा भात चालतो. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारून थांबवा. गुंगी देतात, त्यामुळे परत जाताना मोटरसायकल तुम्ही चालवायची नाही. कुणाला तरी सोबत आणा.

धाकटी बहीण असेल, तिलाही हाच हिशेब लागू. आणि येताना आण्णांचे कागद शोधून आणा. बायोप्सीचा, म्हणजे गाठीचा तुकडा तपासल्याचा, रिपोर्ट मिळाला तर फार बरं.