लवादाची मुदत संपली, आता काय?

बांधकामाच्या थकलेल्या बिलांचा वाद लवादापुढे, म्हणजे न्यायालयाबाहेर वाद ऐकून निवाडा देणाऱ्यापुढे, आहे. निवाड्याचे बारा महिने मोजायचे कधीपासून?

लवाद नेमला त्या दिवसापासून नव्हे. लवाद व सलोखा कायदा, १९९६ च्या कलम २९ए मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून दावा आणि कैफियत (दाव्याला दिलेले लेखी उत्तर) पूर्ण झाल्यावर १२ महिने मिळतात. ती पूर्ण करायला लवादाला नेमणुकीची लेखी सूचना मिळाल्यापासून ६ महिने आहेत. दोन्ही पक्ष राजी असतील तर १२ महिन्यांवर आणखी ६ महिने वाढवता येतात, त्याला न्यायालय लागत नाही. मात्र संमती तोंडी ठेवू नका. दोघांच्या सह्यांची पुरसिस (लेखी निवेदन) द्या आणि रोजनाम्यात, म्हणजे प्रत्येक बैठकीच्या कामकाजाच्या नोंदीत, तिची नोंद झाली का, ते स्वतः पाहा.

वाढीव सहा महिनेही दोन महिन्यांपूर्वी संपले. साक्षीपुरावा झाला आहे. समोरचा पक्ष म्हणतो, लवादाला अधिकारच उरला नाही, सगळे पहिल्यापासून करा.

पहिल्यापासून काहीही करावे लागणार नाही. मुदत संपताच लवादाचा अधिकार संपतो हे खरे, पण न्यायालय ती मुदत संपण्याआधी किंवा नंतरही वाढवू शकते, असे कलमातच लिहिले आहे. तरीही काही उच्च न्यायालये मुदतीनंतरचा अर्ज चालत नाही असे म्हणत होती. १२ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रोहन बिल्डर्स विरुद्ध बर्जर पेंट्स या प्रकरणात तो घोळ मिटवला. अर्ज प्रलंबित असेपर्यंत लवादाचा अधिकारही चालू राहतो. तेव्हा आधी अर्ज दाखल करा, मगच पुढची बैठक.

खरी कसोटी ‘पुरेसे कारण’ दाखवण्याची आहे. ‘अपरिहार्य कारणांमुळे विलंब झाला’ एवढ्या एका वाक्यावर मुदत मागू नये, असे मी पक्षकारांना कळकळीने सांगतो. तारीखवार तक्ता जोडा: कोणत्या तारखेला कोणी वेळ मागितला, उलटतपासणी किती बैठका चालली, आता फक्त युक्तिवाद उरला आहे का, आणि त्याला नेमके किती महिने हवेत. रोजनाम्याच्या प्रती सोबत द्या. प्रकरण जुने असेल तर १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा सर्वोच्च न्यायालयाने कोविडमुळे वगळलेला काळ आधी वजा करा. न्यायालय मुदत देताना अटी घालू शकते, खर्चही बसवू शकते.

उशीर लवादाकडूनच होतो आहे. अर्ज केला तर ते दुखावतील का?

ही भीती मनातून काढा. विलंब लवादामुळे झाल्याचे दिसले तर न्यायालय दरमहा ५ टक्क्यांपर्यंत फी कमी करू शकते. त्याआधी लवादाचे म्हणणे ऐकले जाते. लवाद बदलताही येतो. नवा लवाद झालेल्या पुराव्यावरूनच पुढे जातो, त्यामुळे तुमची मेहनत वाया जात नाही.

समोरची कंपनी परदेशी आहे. हेच नियम लागू?

आंतरराष्ट्रीय व्यापारी लवादाला १२ महिन्यांची सक्ती नाही, तेवढ्यात निकाल देण्याचा प्रयत्न अपेक्षित आहे. तुमच्या करारात किंवा लवाद संस्थेच्या नियमांत वेगळी मुदत असू शकते, ती आजच तपासा.