लिम्फॅटिक ड्रेनेज मसाजने सूज खरंच उतरते का? आईचे पाय संध्याकाळपर्यंत सुजतात. पार्लरवाले पॅकेज सांगतात, काका म्हणतात घरीच तेल लावून जोरात चोळा.

उतरते, पण प्रत्येक सूज नाही आणि नुसत्या मसाजने नाही. आधी काकांना आवरा. ‘तेल लावून जोरात चोळा’ हे वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले, कारण आमच्या घरात हेच वाक्य मामांच्या तोंडी होतं.

माझ्या आईचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन मिरजेत झालं. काखेतल्या लिम्फच्या गाठी (हातातलं जास्तीचं पाणी ज्यांतून निचरतं त्या) काढल्या, मागोमाग रेडिएशन. पुढे बरेच महिने सगळं सुरळीत होतं. मग उजव्या हातातल्या पाटल्या रुतायला लागल्या. आई म्हणाली, वजन वाढलं असेल. वाढलेलं वजन एकाच हातात कसं जाईल? डाव्या हातातल्या तर खुळखुळत होत्या. शेवटी सांगलीत सराफाच्या दुकानात स्टुलावर बसून तिने पाटल्या कापून घेतल्या, आणि तेवढ्यातही तुकडे समोर तोलून घ्यायला विसरली नाही.

मामांना कळलं तसे ते हजर. मामा तालमीत वाढलेले. आमच्याकडे मालिश म्हणजे काय ते सांगलीकराला सांगायला नको. करणाऱ्याचाही घाम निघाला पाहिजे. तालमीतल्या एका मालिशवाल्यालाच घेऊन आले, सोबत आंबेहळदीची पुडी. “आक्का, चार दिसांत हात हलका हुतोय बघ.” त्या माणसाने खांद्यापासून पंजापर्यंत असा काही रगडला की आई दात आवळून बसली. वरून लेप. दोन दिवसांत हात लालभडक, ताप, थंडी वाजून दातखीळ बसायची वेळ. इंजेक्शनं घ्यायला दवाखान्यात ठेवावं लागलं. मालिशनेच झालं असं डॉक्टर म्हणाले नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगते. पण कातडीवर नखाचा ओरखडा होता, आणि निचरा थांबलेल्या हातात जंतू शिरायला तेवढी फट पुरते.

ताप गेल्यावर मिरजेतल्याच एका फिजिओथेरपिस्ट मॅडमकडे गेलो. त्यांनी तेलाची बाटली परत पिशवीत ठेवायला लावली. तेलाने हात घसरतो, आणि इथे घसरायचं नसतंच. तळवा कातडीवर टेकवायचा, कातडी हलकेच ताणायची आणि सोडून द्यायची. दाब इतका कमी की आईला वाटलं, मॅडमनी अजून सुरुवातच केली नाही. कारण साधं आहे. लिम्फच्या बारीक नळ्या कातडीच्या लगेच खाली असतात. जोरात दाबलं की त्या चेपतात, वर रक्ताचा ओघ वाढून आणखी पाणी तिथे झिरपतं. या नळ्यांना हृदयासारखा पंप नाही. स्नायूंची हालचाल, श्वास आणि त्यांचं स्वतःचं हळू आकुंचन, एवढ्यावर सगळं चालतं.

दुसरी गोष्ट मला फार आवडली. सूज हाताला, पण सुरुवात मानेपासून. मग दुसऱ्या बाजूची काख, मग छाती, पाठ, दंड, आणि सगळ्यात शेवटी मनगट आणि बोटं. आमच्या सांगलीतला आयर्विन पूल बंद ठेवला की गाड्या बायपासच्या पुलाकडे वळवतात, पण बायपासच तुंबलेला असेल तर वळवून उपयोग काय? आधी पुढचं मोकळं करायचं, मग मागचं सोडायचं. क्रम वरून खाली, पण प्रत्येक वेळी कातडी ताणायची ती वरच्याच दिशेने. आमच्या मालिशवाल्याने नेमकं उलटं केलं होतं, पाणी खांद्याकडून पंजाकडे रेटलं होतं.

ही पद्धत काही काल-परवाची नाही. डेन्मार्कचे एमिल व्होडर आणि त्यांच्या पत्नी एस्ट्रिड यांनी ती १९३०च्या दशकात फ्रान्समध्ये बसवली. मामांना हे सांगितलं तर म्हणाले, “त्येंच्याकडं कुस्ती हाय का?”

आता पार्लरवाल्यांना न आवडणारी गोष्ट. नुसत्या मसाजने आईचा हात उतरला नाही. खरं काम पट्ट्यांनी केलं. बोटं एकेक गुंडाळायची, वर कापूस, त्यावर कमी ताणाच्या, म्हणजे फारशा न लांबणाऱ्या पट्ट्या, बोटांकडे घट्ट आणि वर जाताना सैल. मेडिकलमधलं नेहमीचं क्रेप बँडेज चालत नाही. पट्टी बांधून हाताचा व्यायाम, पोटातून खोल श्वास, आणि कातडीला रोज मॉइश्चरायझर. पट्ट्यांच्या जोडीला मसाज केला तर सौम्य-मध्यम सुजेत थोडा जास्त फायदा होतो. हात उतरला की मापाची स्लीव्ह, म्हणजे हातावर चढवायची घट्ट बाही, तीही सहा महिन्यांत ढिली पडते आणि नवी घ्यावी लागते. सांगलीच्या मे महिन्यात ती घालून बसणं काय असतं ते आईलाच विचारा. लग्नाकार्यात पदराखाली लपवते. ‘टॉक्सिन बाहेर पडतात’, ‘वजन उतरतं’ म्हणून जे पॅकेज विकतात ती शुद्ध थाप आहे. पाणी इकडचं तिकडे जातं, चरबी जागची हलत नाही.

मामांचं समाधान व्हावं म्हणून शिंप्याची टेप आणली. मनगट, कोपराखाली, कोपरावर, पेनाने खुणा करून आकडे वहीत लिहायचं काम त्यांच्याकडेच दिलं. आकडे उतरायला लागले तसे मामा म्हणायला लागले, टेप तू ओढून धरतेस. मग त्यांनाच धरायला लावली. तरी उतरले. त्यावर त्यांचं म्हणणं, आमच्या मालिशवाल्यानं आधी मोकळं केलं होतं म्हणून! आजही दिवाळीला आले की हाच विषय निघतो आणि जेवणं थंड होतात. त्यांना हे उत्तर पाठवणार आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिलं.

हां, तुमच्या आईचे पाय. माझ्या आईचं प्रकरण वेगळं, हे लक्षात ठेवा. दोन्ही पाय संध्याकाळी सुजतात आणि सकाळी उतरतात, तर बहुधा ही लिम्फची सूज नाही. हृदय, किडनी, थायरॉइड, शिरांच्या झडपा, काहीही असू शकतं. हृदय किंवा किडनी नीट चालत नसेल तर हा मसाज करायचाच नाही, ढकललेलं पाणी शेवटी रक्तातच जातं. एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखते, गरम लागते, तर रक्ताची गुठळी असू शकते. तेव्हा चोळणं जिवावर बेतेल, त्याच दिवशी दवाखाना गाठा. अंगात ताप किंवा कातडी लाल असतानाही हात लावायचा नाही.

आणि बीपीची गोळी चालू असेल तर तिचं पाकीट डॉक्टरांना दाखवा. अम्लोडिपिन नावाच्या बीपीच्या गोळीने काहींचे घोटे सुजतात, आणि तसं असेल तर तुमचे पार्लरचेही पैसे वाचले आणि काकांचं तेलही.