चोर, दरोडेखोर आणि ‘स्वसंरक्षण’: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आमच्याकडे केळीच्या बागांमधून मोटारीच्या केबली चोरीला जातात. पारावर बसलं की एकच वाक्य ऐकू येतं, “रात्री शेतात चोर दिसला तर गोळी घालायचा कायद्यानेच हक्क दिलाय.” हे खरं आहे का? (वाचक, ता. रावेर)

उत्तर: नाही. कायदा घराबद्दल जे म्हणतो ते या वाक्यात शेताला चिकटवलं आहे.

बचावाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. १ जुलै २०२४ पूर्वी तीच तरतूद दंड संहितेच्या कलम ९६ ते १०६ मध्ये होती. मालमत्ता वाचवताना समोरच्याचा जीव गेला तरी गुन्हा ठरत नाही, असे प्रसंग कलम ४१ मध्ये मोजून दिले आहेत. जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी झालेली घरफोडी, राहतं घर किंवा माल ठेवायची जागा पेटवणं वा स्फोटकाने उडवणं, आणि अशी चोरी, नासधूस किंवा घरात घुसखोरी, की ती रोखली नाही तर कुणी मरेल किंवा जबर जखमी होईल अशी वाजवी भीती वाटावी. उघड्या बागेतली केबल कापून नेणं यातल्या कशातच बसत नाही. ती साधी चोरी आहे. विहिरीवरची कुलूपबंद मोटारखोली रात्री फोडली तर वकील युक्तिवाद करू शकतो, कारण माल ठेवायची इमारतही घरफोडीच्या व्याख्येत येते. पण तिथेही कलम ३७ आडवं येतं: गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांची मदत घेण्याइतका वेळ हाताशी असेल तर हक्कच नाही.

तोच माणूस कोयता उगारून अंगावर आला की प्रश्न केबलचा राहत नाही, जिवाचा होतो. तिथे कलम ३८ लागतं, आणि धोक्याची वाजवी भीती टिकते तोवर हक्क टिकतो. तो पाठ फिरवून केळीत पळाला की त्याचा जीव घेण्याचा हक्क संपला. त्यानंतरची गोळी ‘अद्दल घडवणं’ आहे, तिला बचाव म्हणणं खोटं आहे. दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य (२०१०) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बाजू सांगितल्या: हल्ला होत असलेल्या माणसाने पावलोपावली हिशेब करून प्रतिकार करावा अशी अपेक्षा ठेवता येत नाही, आणि हा हक्क सूड घेण्यासाठी नाही.

फिर्याद लिहितानाही शब्द सांभाळा. दोघं आले असतील तर ‘दरोडा’ लिहू नका. दरोड्याला कायद्याने पाच किंवा जास्त माणसं लागतात. फुगवलेला एक शब्द उलटतपासणीत फुटला की खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो. आधी ११२ ला फोन करा. मग किती जण होते, हातात काय होतं, किती पावलांवर होते, तोंड कुणीकडे होतं, काय बोलले, आधी कुणी काय केलं, एवढंच लिहा. ‘हल्लेखोर’, ‘नराधम’ ही विशेषणं पुरावा नसतात. तुम्ही समोरच्याला इजा केली आणि खटला तुमच्यावर चालला, तर बचावाचा दावा सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर, म्हणजे तुमच्यावर असते (भारतीय साक्ष्य अधिनियम, कलम १०८). तो तंतोतंत सिद्ध करावा लागत नाही, संभाव्य वाटला तरी पुरतो. पण त्यासाठी जखमा आणि जबाब एकमेकांशी जुळायला हवेत.

प्रश्न: कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेत ‘सामान्य माणसाला स्वसंरक्षणासाठी बंदूक मिळावी’ हा विषय आहे. दोन्ही बाजूंचे आकडे सापडले, पण ते एकमेकांशी जुळत नाहीत. कोणते वापरू? (विद्यार्थिनी, धुळे)

उत्तर: तुम्हाला मिळालेले आकडे बहुधा अमेरिकेचे असतील. तसं असेल तर पहिल्याच वाक्यात सांगून टाका.

तिथे २०२१ साली बंदुकीने ४८,८३० मृत्यू झाले. त्यातल्या २६,३२८ आत्महत्या आणि २०,९५८ खून. ‘बंदुकीने ४८,८३० बळी घेतले’ असं म्हणून ऐकणाऱ्याला सगळे खूनच वाटू देणं ही विरोधकांची लबाडी. आत्महत्या गाळून उरलेलाच आकडा दाखवणं ही समर्थकांची. बंदूक संरक्षणासाठी घेतली तरी ती त्याच घरात राहते, आणि तिने केलेला आत्महत्येचा प्रयत्न बहुतेक वेळा जीव घेऊनच थांबतो.

‘वर्षाला २५ लाख वेळा बंदुकीने बचाव’ हा आकडा क्लेक आणि गर्ट्झ यांच्या १९९५ च्या अभ्यासातला. सुमारे पाच हजार लोकांना फोनवर विचारून मिळालेलं छोटंसं प्रमाण त्यांनी देशभरच्या प्रौढांना लावलं. अशा गुणाकारात मोजक्या चुकीच्या उत्तरांनीही लाखोंचा फरक पडतो. सरकारी गुन्हेपीडित सर्वेक्षणातला आकडा लाखाच्या आसपास किंवा त्याखाली येतो, पण तिथे हा प्रश्न फक्त स्वतःवर गुन्हा झाल्याचं सांगणाऱ्यांनाच विचारतात. शिवाय ‘वापर’ म्हणजे नुसती दाखवली, की झाडली? हे सांगितल्याशिवाय दोन्ही आकडे बोलू नका.

विरुद्ध बाजूचा लाडका आकडा केलरमन यांच्या १९९३ च्या अभ्यासातला आहे: घरात बंदूक असेल तर घरात खून होण्याची शक्यता २.७ पट. तो संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. आधीच धोक्यात असलेला माणूसही बंदूक घेतो. ‘बंदुकीमुळे’ न म्हणता ‘बंदूक असलेल्या घरांत’ म्हणा.

आणि ‘आमचा हक्क हिरावला’ हे भारतात म्हणू नका. शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क आपल्या घटनेत नाही. अनुच्छेद १९(१)(ख) तर शांततेने आणि शस्त्रांविना जमण्याचा हक्क देतो. ‘परवान्याचे निकष सैल करा’ ही खरी मागणी आहे, आणि ती ताठ मानेने मांडता येते.

प्रश्न: घरात शिरलेल्याला पळवायला हवेत गोळी झाडली तर तो नुसता इशाराच ना? (वाचक, शहादा)

उत्तर: ती झाडलेली गोळीच आहे. पत्र्याचं छत ती भेदून जाते, स्लॅबवर आपटून उलटते आणि तिरकी गेली तर दूरवर जीव घेण्याइतका वेग राखते. निष्काळजीपणे किंवा जल्लोषात गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घातला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर शस्त्र अधिनियमाच्या कलम २५(९) खाली दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हळदीच्या मांडवातली ‘सलामी’ यातच आली.

प्रश्न: परवान्याच्या अर्जात कारण काय लिहावं? सगळे सांगतात, ‘जिवाला धोका’ लिहून टाका. (सराफ व्यावसायिक, जळगाव)

उत्तर: तेवढ्याने पोलीस अहवालात लिहिण्यासारखं काही उरत नाही. धमकीची तारीख, गुन्हा नोंद क्रमांक, माल कोणत्या वेळी कोणत्या रस्त्याने नेता, पोलीस ठाणं किती लांब आहे, कॅमेरे आणि रखवालदार असूनही काय कमी पडतं, हे लिहा. चालू खटला लपवू नका: महत्त्वाची माहिती दडवून मिळवलेला परवाना शस्त्र अधिनियमाच्या कलम १७ खाली रद्द होऊ शकतो. नकार आला तर लेखी कारणं मागा आणि तीस दिवसांत नाशिकच्या विभागीय आयुक्तांकडे अपील करा.

‘पीक संरक्षण’ हे कारण दुकानासाठी वापरू नका. त्या परवान्यावर रानडुक्कर मारायचं तरी वन विभागाची परवानगी वेगळी लागते. परवाना मागणाऱ्याला ‘गुंड’ म्हणणाऱ्यांचंही चुकतंच, तो कायद्याच्या दारातून येतो आहे. सातपुड्यापलीकडून गावठी कट्टा आणून त्याला ‘संरक्षण’ म्हणणाऱ्याचं मात्र तसं नाही. उद्या त्याचा बचाव न्यायालयाने मान्य केला, तरी विनापरवाना शस्त्राचा गुन्हा वेगळा चालतो.